पऱ्या, विहिरी आणि उघाडी : २०२४–२५ च्या हंगामाच्या नोंदी

जिल्हा रत्नागिरी, खाडीकाठचं गाव, तीन वाड्या. कामाची हद्द : सड्यावरून (डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरून) उतरणारा पऱ्या म्हणजे ओढा, त्यावर चार तात्पुरते बंधारे (ब१ सर्वांत वर, ब४ सर्वांत खाली), चार विहिरी, आणि पऱ्या जिथं खाडीला मिळतो तिथली खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी अडवणारा मातीचा बांध, व तिची उघाडी, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणारं झडपांचं दार. वि१ वरच्या वाडीत, वि२ मधल्या वाडीत, वि३ खालच्या वाडीत खाडीपासून १८० मीटरवर. वि४ शेजारच्या पऱ्याकडेला आहे. त्या पऱ्यावर बंधारा नाही, म्हणून ती फक्त तुलनेसाठी मोजायची.

२८ सप्टेंबर २०२४

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात एप्रिलमध्ये हंड्यांची रांग का लागते, याचं उत्तर जमिनीत आहे. वर जांभा, भोकाभोकांचा, पाणी झपाट्यानं पिणारा. त्याखाली पांढरट-पिवळ्या चिकणमातीचा थर, इकडे तिला शेडी म्हणतात. त्याखाली काळा पाषाण. जांभ्यात मुरलेलं पाणी शेडीवर अडतं, उताराकडे सरकतं आणि दोन थरांच्या सांध्यावर झरा होऊन बाहेर पडतं. वरच्या वाडीचे सगळे झरे साधारण एकाच उंचीवर आहेत ते यामुळे. जमीन तीव्र उताराची, पऱ्या खोल कापलेला, त्यामुळे पाऊस थांबला की दोन्ही काठ पऱ्यात रिकामे होऊ लागतात. ही गळती हळू करायची, हेच या हंगामाचं काम. नवं पाणी कुठून आणायचं नाही.

मोजमाप ठरवलं. पाऊस रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्याच वेळेला, म्हणजे त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. विहिरींची पातळी दर शनिवारी पहाटे, पंप सुरू होण्याआधी, काठावर रंगवलेल्या एकाच खुणेपासून खाली. खूण नसेल तर दर वेळी वेगळ्या दगडावरून टेप सोडला जातो आणि दहा-पंधरा सेंटिमीटरचा घोळ होतो. आपण शोधतोय तो फरकही तेवढाच असतो.

५ ऑक्टोबर

पऱ्याचा प्रवाह मोजायला ब१ च्या वर, जुन्या चिऱ्याच्या भिंतीत ९० अंशांची व्ही आकाराची खाच बसवली. ३ मि.मी. जाडीचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा, खाचेची कड खालच्या बाजूनं तासलेली, म्हणजे पाणी पत्र्याला न चिकटता सुटं पडतं. मोजपट्टी खाचेजवळ लावायची नाही, कारण तिथं पाणी वाकून खाली येतं आणि उंची कमी दिसते. ती मीटरभर मागं, संथ पाण्यात, शून्य खाचेच्या टोकाशी जुळवून.

पट्टीशेजारी रंगवलेला हिशोब : ५ सें.मी. म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर, ८ ला अडीच, १० ला ४.४, १२ ला ७, १५ ला १२, १७ ला १६, २० ला २५, २५ ला ४३ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींवर जातो. नुसत्या डोळ्यांनी पऱ्या पाहून अंदाज करणारे इथंच चुकतात.

खाचेमागं दर दोन दिवसांनी पाला आणि वाळू साचते. ती न काढता घेतलेला आकडा वहीत लिहू नये.

६ ऑक्टोबर

हळव्या भाताची कापणी सुरू, माणसं दुपारनंतरच मिळतात. चारही बंधाऱ्यांचे फक्त बाजूचे हात उभे करायचे आणि मधे १.२ मीटरचं तोंड मोकळं ठेवायचं असं ठरलं. आजवर गावात दसरा झाला की पऱ्या अडवायची रीत होती आणि तेव्हा ती बरोबरही होती. आता परतीचा पाऊस लांबतो आणि तासाभरात कोसळतो. हवामान खात्यानं २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून मान्सून जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. आधी ती सप्टेंबरअखेर धरत. सण पाहून तोंड बुजवलं तर बंधारा जातो, आणि घाबरून डिसेंबरपर्यंत थांबलं तर काठातलं पाणी जातं. म्हणून हात आधी, तोंड शेवटी, आणि तोंड बंद करायचा दिवस खाचेवरून.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. संध्याकाळी गडगडाटासह पाऊस, सकाळी मापकात ५८ मि.मी., बहुतेक सगळा दीड तासात पडलेला. खाच पूर्ण बुडाली, म्हणून नोंद नाही. चारही बंधाऱ्यांचे हात जागेवर. ब३ च्या डाव्या हाताच्या वरच्या गोण्यांचा एक थर सरकला. तिथं काठ मऊ मातीचा आहे, हात काठात आणखी ६० सें.मी. घुसवावा लागेल.

१६ ऑक्टोबर

देशातून मान्सून परतल्याचं काल हवामान खात्यानं जाहीर केलं. कालपासूनच विधानसभेची आचारसंहिता, म्हणजे ग्रामपंचायतीकडून नव्या खर्चाला मंजुरी नाही. गोण्या घरोघरून आणि बांधकामांवरून गोळा करणं चालू.

२२ ऑक्टोबर

खाचेवर २० सें.मी. लागोपाठ तीन दिवस पातळी उतरती, पाऊस शून्य, पुढच्या पाच दिवसांच्या जिल्हा अंदाजात इशारा नाही. या तिन्ही अटी जमल्या की तोंड बंद, असा नियम. ब१ आणि ब२ आज बुजवले, ब३-ब४ उद्या.

बांधणीचा तपशील इथं एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी वाद नको.

जागा निवडताना पऱ्या अरुंद आणि दोन्ही काठ उंच हवेत, हे सगळे पाहतात. तळ मात्र कोणी पाहत नाही. तळाशी वाळू-गोटे असतील तर ते कातळ किंवा घट्ट माती लागेपर्यंत काढायचे. इथं ३० ते ४५ सें.मी. खणावं लागलं. हा चर न खणता गोण्या रचल्या तर पाणी गोण्यांखालून वाट काढतं आणि वर कितीही माती लिंपली तरी थांबत नाही. तळ सलग कातळाचा असेल तर चर नको, पण कातळाच्या भेगा शेडीनं ठासून भरायच्या.

ब२ ची मापं : पऱ्याची रुंदी ६ मीटर, बंधाऱ्याची उंची १.२ मीटर. गोण्यांच्या दोन भिंती, प्रत्येकी ६० सें.मी. जाड, मधे ४० सें.मी. चिकणमातीचा गाभा. एक गोणी भरून, दाबून साधारण ६० बाय ४० बाय १२ सें.मी. बसते, म्हणजे घनमीटरला ३४-३५ गोण्या. दोन भिंतींना मिळून २९० च्या आसपास लागल्या, गाभ्याला तीन घनमीटर माती. गोणी पाऊण भागच भरायची. गच्च भरलेली गोणी गोल होते आणि दोन गोण्यांमध्ये फट राहते. पाऊण भरलेली चपटी बसते. भरायला वाळू किंवा मुरूम, शेतातली भुसभुशीत माती नको, ती शिवणीतून धुऊन जाते. तोंड सुतळीनं शिवून, शिवण आतल्या बाजूला. थर रचताना सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, गवंडी चिरा रचतो तसे.

गाभ्याची माती एकदम ओतायची नाही. १५ सें.मी. थर, थोडं पाणी, धुमसानं ठोकणं, मग पुढचा थर. ठोकल्याशिवाय सोडलेला गाभा पाणी चढलं की बसतो आणि वर पोकळी राहते.

सांडवा मधोमध, हातांपेक्षा २० सें.मी. खाली, दीड मीटर रुंद, आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी पडतं तिथं दगडांची सोलिंग. सोलिंग नसेल तर पडणारं पाणी पायथा उकरतं आणि बंधारा मागून नाही, पुढून कोसळतो. हातांच्या टोकांवरून पाणी कधीच जाता कामा नये. काठ फुटला तर पऱ्या शेजारच्या भातखाचरातून वाट काढतो.

२६ ऑक्टोबर

ब२ खालून झिरपा. स्वच्छ झिरपा असेल तर घाबरायचं नाही. चार-सहा दिवसांत गाळ बसून तो कमी होतो आणि खालच्या मळ्यांना तेवढंच पाणी मिळतं. हा गढूळ होता, म्हणजे आतली माती वाहत होती. वरच्या अंगाला पाण्यात हळद सोडली, खाली पिवळं पाणी उजव्या कोपऱ्यातून आलं. पाणी ४० सें.मी. उतरवून त्या कोपऱ्यातल्या गोण्या काढल्या तेव्हा एक जुनं मूळ सापडलं, मनगटाएवढं, काठातून थेट खाली गेलेलं. मूळ कापून, खड्डा शेडीनं ठासून पुन्हा रचलं. गळती कितीही छोटी असो, गढूळ असेल तर त्याच दिवशी उघडायची.

९ नोव्हेंबर

खाच १७ सें.मी., सेकंदाला १६ लिटर, दिवसाला सुमारे १४ लाख लिटर. चारही बंधाऱ्यांमागं मिळून साठलेलं पाणी मोजलं : लांबी सरासरी ८० मीटर, तळ उताराचा, प्रत्येकी अडीचशे घनमीटरच्या आत, एकूण नऊ लाख लिटरच्या आसपास. म्हणजे चारही डोह पऱ्याच्या एका दिवसाच्या वाहत्या पाण्याइतकेही नाहीत.

हा आकडा बैठकीत सांगितला की लोक निराश होतात आणि मोठा पक्का बंधारा मागतात. पण डोहातलं पाणी ही खरी कमाई नव्हेच. पऱ्याची पातळी मीटरभर वर राहिली की काठातल्या पाण्याला उतरायला उतार उरत नाही, ते जिथल्या तिथं थांबतं. साठा काठांत आणि विहिरींत होतो, आपल्याला दिसतो तो डोह. त्यामुळे एका मोठ्या बंधाऱ्यापेक्षा एकाच्या डोहाचं शेपूट वरच्याच्या पायथ्याला टेकेल असे चार लहान बंधारे उपयोगाचे. ब२ आणि ब३ मध्ये अजून साठ मीटर कोरडा टप्पा आहे, तिथं पाचवा बसतो.

१५ डिसेंबर

२२ ऑक्टोबरपासून वि२ ची पातळी २.१० वरून २.९० मीटरवर गेली, उतार ८० सें.मी. वि४ त्याच काळात २.४० वरून ४.२० वर, उतार १.८० मीटर. आधीच्या दोन वर्षांच्या वहीत या दोन विहिरी जवळजवळ बरोबरीनं उतरताना दिसतात. गेल्या वर्षीच्या वि२ शी यंदाची वि२ ताडून निष्कर्ष काढू नये, पाऊस दर वर्षी वेगळा. त्याच वर्षाची बंधाऱ्याबाहेरची विहीर हाच खरा ताळा.

वि१ वर काहीच परिणाम नाही. ती ब१ च्या पातळीपेक्षा सहा मीटर वर आहे, तिला बंधाऱ्याचं पाणी पोहोचणार कसं? वरच्या वाडीसाठी उपाय वेगळा लागेल, छपराच्या पाण्याचा. खालच्या अंगाला कुळीथ आणि पावटा यंदा ब४ पर्यंत उगवलाय, ओल टिकल्यामुळे.

गोण्या उन्हात तिसऱ्या महिन्यात तडकतात. उघड्या भागावर चिखल लिंपून आईनाच्या फांद्या टाकल्या.

२१ जानेवारी २०२५

उघाडीची दुरुस्ती. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत कमी असतो ते, मुद्दाम धरले. इथला उंबरा भांगाच्या ओहोटीतही उघडा पडतो. उधाणात (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत) ओहोटी आणखी खोल जाते खरी, पण पाठोपाठची भरतीही तेवढीच चढते आणि घातलेला आडबांध घेऊन जाते.

उघाडीला दोन गाळे, प्रत्येकी १ मीटर रुंद व १.२ मीटर उंच. झडप वरच्या बिजागरीवर लटकते, ओहोटीला आतल्या पाण्यानं बाहेर ढकलली जाते, भरतीला खाडीच्या दाबानं उंबऱ्यावर आणि चौकटीवर बसते. यंत्र साधं, पण तीन जागी बिघडतं. लाकूड समुद्री किडा आतून पोखरतो. बाहेरून फळी धड दिसते, हातोडी मारली की पोकळ वाजते. दोन फळ्या अशाच निघाल्या. दुसरं, लोखंडी खिळीला गंज चढून झडप अर्धवट अडकते. जागी २० मि.मी. स्टेनलेस सळीची खिळ घातली. तिसरं आणि सर्वांत जास्त वेळा : फांदी, नारळाची करवंटी किंवा प्लास्टिकची बाटली झडपेत अडकते, चार बोटांची फट राहते आणि उधाणाच्या एका रात्रीत खारं पाणी खाचरभर. आतल्या बाजूला १० सें.मी. अंतराच्या सळ्यांची जाळी बसवली. ती आठवड्याला साफ झालीच पाहिजे, नाहीतर उघाडीच तुंबते.

चौकटीवर कालवं चिकटलेली होती, ती खरवडून १० मि.मी. जाडीची रबर पट्टी स्टेनलेस पट्टीखाली बोल्टनं आवळली.

तपासणी : आतल्या भिंतीवर खूण करून एक भरती जाऊ द्यायची. पाऊस नसताना आतली पातळी २ सें.मी.पेक्षा जास्त वाढली तर झडप बसत नाही असं समजायचं.

२३ जानेवारी

बाहेरकाठ्यावर (खाडीकडच्या मुख्य बांधावर) खेकड्यांची बिळं मोजली तेव्हा उघाडीपासून पहिल्या पन्नास मीटरांतच सगळी दाट. बिळाचं तोंड बुजवणं व्यर्थ. बीळ तळापर्यंत उकलून, ओली चिकणमाती थराथरानं ठोकून भरायची. २०१९ मध्ये तिवरे धरण फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं गेलं आणि त्यावर राज्यभर हसं झालं. मातीच्या बांधाला खेकडा भोक पाडतो हे खरंच आहे. पण भोक दिसत असताना बांध तसाच सोडणारा खेकडा नसतो.

बांधाबाहेरच्या कांदळवनाला हात लावायचा नाही. कायदा आहे म्हणून तर नाहीच, शिवाय लाटेचा पहिला मार तेच घेतं. कांदळ तुटलेल्या टप्प्यात बांधाची माती दर वर्षी पुन्हा घालावी लागते.

१८ फेब्रुवारी

वि३ ची भरण चाचणी. व्यास ४ मीटर, म्हणजे १० सें.मी. पाणी बरोबर १,२५७ लिटर. पंपानं मीटरभर पाणी उपसून थांबवलं आणि चढ मोजला : पहिल्या तासात १२ सें.मी., म्हणजे तासाला दीड हजार लिटर. खालच्या वाडीत २४० माणसं. जल जीवन मिशनच्या ५५ लिटरांच्या मापानं दिवसाची गरज १३,२०० लिटर. आज पुरतं.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ३४० मिलिग्रॅम (ऑक्टोबरात २१०). मीटर आधी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणात तपासून घ्यायचा. गावात फिरणारे पेनाएवढे मीटर वर्षभरात शे-दीडशेनं सरकतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १,०००. खाडीकाठी वाढत्या टीडीएसमध्ये मोठा वाटा क्लोराइडचा असतो, म्हणून टीडीएस ६०० दिसला की क्लोराइडची चाचणी करून घ्यायची.

१० मार्च

शिमग्याला चाकरमानी येणार, वाडीतली माणसं दुप्पट होतील. पंपाची वेळ ठरवली : ३ एचपीचा पंप काढून १ एचपीचा बसवला, पहाटे चार ते सात आणि रात्री नऊ ते बारा. पाणी तेवढंच निघतं, पण एकदम खोल उपसा होत नाही.

कारण असं. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. गोड्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या साधारण चाळीसपट खोलपर्यंत गोडं, असा पुस्तकी हिशोब. उलटा वाचला तर पातळी १० सें.मी. उतरली की खारं पाणी खालून चार मीटर वर यायला बघतं. जांभ्यात आणि भेगांच्या पाषाणात हे इतकं नीटस होत नाही, एखाद्या भेगेतून खारं आधीच येतं. पण मोठ्या पंपानं विहीर तळाला नेली की खारं वर खेचलं जातं आणि परतायला आठवडे लावतं, एवढं नक्की. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीचं पाणी ओढणारं टोक) तळापासून दीड मीटर वर बांधला, म्हणजे कोणी मनात आणलं तरी त्याखाली उपसता येणार नाही.

२ एप्रिल

वरची वाडी. छपराच्या पाण्यासाठी १०,००० लिटरच्या फेरोसिमेंट टाक्या, पहिल्या टप्प्यात सहा घरं. छप्पर ६० चौरस मीटर धरलं तर तीन हजार मिलिमीटर पावसातून गळती वजा जाऊन १ लाख ४० हजार लिटर मिळतात. टाकी त्याच्या चौदाव्या हिश्शाची, मग पावसाळाभर भरून वाहू देण्यात अर्थ काय? अर्थ शेवटच्या पावसात आहे. टाकी सप्टेंबरात रिकामी करून धुवायची, परतीच्या पावसात भरायची, झाकण व जाळी लावून मार्चपर्यंत कुलूप. फक्त पिण्या-स्वयंपाकाला घरटी ५० लिटर धरले तर टाकी दोनशे दिवस जाते.

पहिलं पाणी टाकून द्यायचं : दोन मिलिमीटर पाऊस, या छपराला १२० लिटर. त्यासाठी उभा पीव्हीसी पाइप, खाली बूच. कौलांवर शेवाळ असतं, तिथं दुप्पट टाकावं लागतं.

कलमांसाठीचं प्लास्टिक अंथरलेलं जलकुंड : इथं बाष्पीभवन दिवसाला ४-५ मि.मी., फेब्रुवारी ते मे अर्धा मीटर पाणी हवेत. झावळ्यांनी झाकलेल्या कुंडात पाणी लक्षात येईल इतकं जास्त उरलंय. कडेचं प्लास्टिक मातीखाली गाडलेलं नव्हतं तिथं उंदरांनी कुरतडलं.

२४ एप्रिल

खाच ५ सें.मी. ब३, ब४ कोरडे. ब१ आणि ब२ मध्ये गुडघाभर. वि३ पहिल्या तासात फक्त ५ सें.मी., म्हणजे तासाला ६३० लिटर, चोवीस तासांत फार तर १५ हजार. वाडीच्या नेहमीच्या माणसांना काटोकाट. मे महिन्यात पाचशे माणसं झाली की २७,५०० लागणार, ते या विहिरीत नाहीत. वि२ वरून पाइपनं रोज १० हजार घ्यायचे, उरलेल्यासाठी मळ्यांचं शिंपण एक दिवसाआड. नारळ-पोफळीवाल्यांनी कुरकुर करून मान्य केलं.

वि३ टीडीएस ७८०. तळातलं पाणी वेगळं काढून पाहिलं, ११५०. उपसा कमी केल्यापासून वरच्या पाण्याचा टीडीएस चढायचा थांबलाय.

१० मे

हवामान खात्याचा अंदाज आला : मान्सून केरळात २७ मेच्या सुमारास, चार दिवस मागंपुढं. मधेच वळवाच्या सरी पडताहेत. बंधारे काढायची आजवरची वेळ जूनचा पहिला आठवडा. ती आता धरायची नाही. २० तारखेच्या आत चारही तोंडं मोकळी.

१८ मे

तोंडं उघडली. काढताना प्रत्येक बंधाऱ्याच्या गोण्या वरच्या थरापासून खाली, एका वेळी एक थर. सगळा डोह एकदम सोडला तर खालचे बंधारे ओळीनं जातात. म्हणून ब४ आधी, ब१ शेवटी. गोण्या पऱ्यात सोडायच्या नाहीत. रस्त्याखालच्या मोरीला ९०० मि.मी.चा पाइप आहे. पंधरा-वीस गोण्या अडकल्या तरी पाणी रस्त्यावर. तडकलेल्या गोण्या वेगळ्या भरून ठेवल्या, त्यांचे धागे खाचरांत पसरतात.

ब३ च्या उजव्या हाताला माणसं पोहोचली नाहीत, तो तसाच राहिला.

२१ मे

९६ मि.मी. हवामान खात्याच्या प्रतवारीत ६४.५ च्या वर मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार. ब३ चा राहिलेला हात गेला, गोण्या मोरीच्या तोंडाशी. काढल्या.

२८ मे

मान्सून २४ ला केरळात, २५ ला देवगडपर्यंत, २६ ला मुंबईत. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्यात २७ ला अमावास्या, म्हणजे उधाण. उघाडीची खरी परीक्षा हीच.

२६ च्या सकाळी ११८ मि.मी. उघाडीवर येणारं पाणलोट क्षेत्र २५० हेक्टर. उन्हाळ्यात तापलेली जमीन पाव हिस्सा पाणी वाहू देते असं धरलं तरी ७० हजार घनमीटरच्या वर. दोन्ही गाळे पूर्ण उघडे, आतबाहेर ३० सें.मी. फरक असेल तर तासाला साडेबारा हजार घनमीटर जातात. म्हणजे जवळजवळ पूर्ण एक ओहोटी हवी. भरतीला झडपा पाच-सहा तास बंद, तेवढा वेळ आतलं पाणी चढत राहिलं, सगळ्यांत खालच्या खाचरांत मांडीपर्यंत. पुढच्या दोन ओहोट्यांत उतरलं. बाहेरचं खारं आत आलं नाही. पाणी ओसरल्यावर खाचरातल्या पाण्याचा टीडीएस उतरता आहे. बांधाला खांड नाही.

जाळी मात्र पहिल्याच रात्री पालापाचोळ्यानं अर्धी बंद झाली. पावसाच्या पहिल्या आठवड्यात ती रोज दोनदा, ओहोटी लागताना साफ करायला माणूस नेमायला हवा.

४ जून

विहिरी चढल्या : वि२ २.६० मीटरवर. वि३ टीडीएस ४१०. पाणी गढूळ, म्हणून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) : वि३ मध्ये ५ मीटर पाणी, म्हणजे ६३ हजार लिटर, हजार लिटरला ५ ग्रॅम या मापानं ३१५ ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी पोहऱ्यानं ढवळत सोडायचं. तासाभरानं ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहायच्या) पिवळा रंग आला पाहिजे. इथल्या दमट हवेत उघडी पावडर महिन्यात मरते. रंग नाही आला तर मात्रा वाढवण्याआधी पावडर बदलून पाहावी.

१२ जून

पावसानं पाठ फिरवलीय, मेअखेरीपासून नुसत्या सरी. मेमधल्या पावसावर ज्यांनी रोप टाकलं त्यांच्या तरव्यात पाणी शेंदून घालणं चालू. खारीत, म्हणजे बांधाआतल्या खाऱ्या जमिनीत, पनवेल जातीचं भाताचं बी थांबवून ठेवलंय. मुख्य पावसानं मीठ आणखी धुऊन जायला हवं, तोवर पेरणी नाही.

पुढच्या हंगामासाठी वहीच्या पहिल्या पानावर : हात ५ ऑक्टोबरपर्यंत उभे करायचे. तोंड खाच २० सें.मी.च्या खाली, तीन दिवस उतरती आणि पाच दिवस इशारा नसेल तेव्हाच. ब३ चा डावा हात काठात ६० सें.मी. आणखी. पाचवा बंधारा ब२-ब३ मध्ये, १,५०० गोण्या ऑगस्टपर्यंत कोरड्या जागी, उंदरांपासून वर टांगून. तोंडं १५ मेला मोकळी, आणि या वेळी ब३ पासून सुरुवात, कारण तिथवर वाट नाही आणि माणसं शेवटी थकलेली असतात.